कोल्हापूरहून कुमटगी: विजापूरजवळच्या आदिलशाही जलबागेचे अवशेष नीट कसे बघावेत?

रंकाळ्याकाठी
नमस्कार मंडळी. डिसेंबरात विजापूरला जायचं चाललंय. गोलघुमट आणि इब्राहिम रोजा यांची माहिती पोत्यानं मिळते. मला मात्र मुख्य बघायचीय ती कुमटगी. आदिलशाहीतली विहाराची जागा, तलावाकाठचे महाल, कारंजी, छतातून पाणी पाडायची सोय आणि भिंतीवरची चित्रं. जिथं बघावं तिथं "दुरवस्था आहे, अर्ध्या तासात उरकतं" एवढंच लिहिलेलं. माझं मत असं की काय बघायचं ते ठाऊक नसलं की कुठलेही अवशेष अर्ध्या तासात उरकतात.

गाडी स्वतःची. मोठी चार माणसं, त्यातली दोघं साठीपुढची, आणि दहा वर्षांचा मुलगा. एका दिवसात जाऊन येणं बरं की मुक्काम करावा? कुमटगी आधी की शहर आधी? आणि तिथं पोचल्यावर कुठून सुरुवात करून कुठं संपवायचं? जाणकारांनी सविस्तर लिहा, घाई नाही.

मिरजजंक्शन
रस्त्यापुरतं सांगतो. कोल्हापूर, हातकणंगले, जयसिंगपूर, मिरज, म्हैसाळ, कागवाड, अथणी, तिकोटा, विजापूर. अंदाजे 180 किलोमीटर. चहापाणी धरून चार ते साडेचार तास. कुमटगी विजापूरच्या पलीकडं पूर्वेला, सिंदगी रस्त्यावर, शहरापासून 16 ते 20 किलोमीटर धरा. म्हणजे एका बाजूचं अंतर 200 च्या घरात.

डिसेंबर म्हणजे ऊसाचा हंगाम. शिरोळपासून अथणीपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. मागं दिवा नसतो, असला तरी उसानं झाकलेला. दिवसा काही नाही, थोडा वेळ जातो इतकंच. अंधार पडल्यावर मात्र समोरच्या गाडीचा झोत डोळ्यावर असताना मागची ट्रॉली अजिबात दिसत नाही. हिशेब त्यावरून करा: परतताना दिवेलागणीला मिरजेच्या अलीकडं आलेलं असावं, नाहीतर मुक्काम.

एसटीनेच
गाडी नसलेल्यांसाठी. कोल्हापूर स्टँडवरून विजापूरच्या गाड्या मिळतात, आणि नाहीच मिळाली तर मिरजेला उतरून पुढची धरायची. कर्नाटकच्या गाड्यांवर पाटी बहुधा कन्नडमध्ये असते, कंडक्टरला विचारून चढा. विजापूर स्टँडवरून सिंदगीकडं जाणारी साधी गाडी घ्यायची. जलद गाडी कुमटगीला थांबेलच असं नाही, तेव्हा चढायच्या आधी विचारायचं. रेल्वेचा नाद सोडा. मिरजेहून विजापूरला एकतर सोलापूरकडून नाहीतर हुबळी-गदगकडून लांबचा वळसा पडतो.

पाणीपुरवठावाली
ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. कुमटगी बघायची तर पाणी ज्या क्रमानं फिरत होतं त्या क्रमानं फिरायचं. लोक थेट चित्रांच्या महालात घुसतात, मोबाईलवर दोन फोटो काढतात आणि बाहेर येतात. त्यांना तो चार भिंतींचा रिकामा खोका वाटला तर नवल नाही. ती जागा बांधली तेव्हा चित्रं ही सजावट होती, मूळ बांधकाम पाण्याचं.

पहिलं तळ्याकडं जा. बांधावर उभं राहून इमारतींकडं बघा आणि पातळ्यांचा अंदाज घ्या: तळ्याचं पाणी कुठल्या उंचीला, महालाचं जोतं कुठं, छत कुठं. छत तळ्याच्या पातळीच्या वर आहे. म्हणजे नुसत्या उतारानं पाणी छताला चढणार नाही, ते कुठंतरी उचलून उंचावर साठवावं लागणार. पुढचं सगळं बांधकाम याच अडचणीला शोधलेलं उत्तर आहे.

दुसऱ्या गाळटाक्या. तळ्याचं पाणी एकापुढे एक टाक्यांतून घेतलेलं आहे. एकच मोठी टाकी का नाही? कारण पाणी जोरात आत येतं तेव्हा पहिल्या टाकीत खळबळ होते. तिथं फक्त जाड वाळू बसते. खळबळ शमलेलं पाणी वरच्या अंगानं पुढच्या टाकीत सरकतं आणि तिथं बारीक गाळ बसतो. टाकीत वाकून बघा: पाणी बाहेर पडायचं भोक तळापासून वर ठेवलेलं असतं. अगदी तळाला भोक दिसलं तर ते गाळ काढून टाकण्याचं.

तिसरे मनोरे. चौकोनी, भरीव वाटणारे दगडी खांब दिसतात ते शोभेचे नाहीत. पाणी त्यांच्यात वर चढवून नळात सोडलेलं. असेच मनोरे विजापूर शहरातही आहेत, तिथं त्यांना गंज म्हणतात. आपल्याकडं कात्रजच्या पेशवेकालीन नळावर असतात ते उच्छ्वास त्याच जातीचे. मनोऱ्याच्या अंगावर उभी खाच किंवा फुटलेलं खापरी नळाचं तोंड दिसतं का बघा. नळाच्या आतून पांढरा थर जमलेला असेल तर तो पाण्यातला क्षार. पाणी तिथून बराच काळ वाहिलं याची ती खूण.

मग महाल, आणि महालात शिरल्यावर आधी मान वर करायची. छतात झारीच्या तोंडासारखी सोय होती, तिथून पाणी तुषारांनी खाली पडायचं. खालचा हौद, कडेची पन्हळ, पाणी बाहेर जाण्याची वाट हे बघून झालं की मग भिंतीवरची चित्रं. या क्रमानं दोन तास पुरत नाहीत.

पन्हाळवेडा
माहिती झकास. पण एक विचारतो, दोनशे किलोमीटर कशाला? आदिलशाही पाणी बघायचं तर पन्हाळा घराशेजारी आहे. अंधारबाव बघा, तीन मजली विहीर, वरून पहाऱ्याची जागा, खाली पाणी. सज्जाकोठी आहे, तिथला वारा आहे. पोराला अर्ध्या तासात वर नेता येतं. विजापूरकरांनी बांधलेलं काम विजापुरातच बघायला पाहिजे असं थोडंच आहे?

पाणीपुरवठावाली
पन्हाळा बघायलाच हवा, त्यात दुमत नाही. पण दोन्हीचा हेतू उलटा आहे. गडावरचं पाणी वेढ्यासाठी राखायचं असतं. झाकलेलं, अंधारातलं, पहाऱ्यातलं. अंधारबावेचं सगळं बांधकाम "पाणी शत्रूच्या हाती लागू नये" यासाठी. 1660 ला सिद्दी जौहरचा वेढा महिनोन् महिने चालला तेव्हा अशा साठ्यांची किंमत कळली. कुमटगीत पाणी उधळण्यासाठी आणलेलं आहे: उंच चढवायचं, तुषार करायचे, डोळ्यांना आणि अंगाला गारवा द्यायचा. एकाच राजवटीनं पाण्याला दिलेली ही दोन टोकं. मी तर म्हणेन अंधारबाव आधी बघून मग कुमटगीला जावं, फरक जास्त ठसतो.

आणि उताराचं पाणी कोल्हापूरकराला नवं नाही. कळंबा तलावाचं पाणी नुसत्या उतारानं शहरातल्या पाण्याच्या खजिन्यात, म्हणजे साठवण टाकीत, येत होतं. मुलाला तिथूनच सांगायला सुरुवात करा.

पन्हाळवेडा
पटलं. "राखायचं पाणी आणि उधळायचं पाणी" हे ध्यानात ठेवतो.

छायाप्रकाश
उजेडाबद्दल. बाहेरच्या इमारती सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी साडेतीननंतर. मधल्या वेळी दगड सपाट दिसतो, गिलाव्यातलं कोरीवकाम उठत नाही. आतल्या चित्रांचं मात्र उलटं आहे. आत सूर्य थेट नको, बाहेरच्या फरशीवरून उसळून येणारा उजेड हवा. तो अकरा ते दोनमध्ये चांगला. आत गेल्यावर पाच मिनिटं नुसतं उभं राहा. डोळे सरावल्याशिवाय पुसट रेघा दिसतच नाहीत, आणि "काही नाही इथं" म्हणून माणसं परत फिरतात.

मोबाईलनं काढायचं तर फ्लॅश बंद, पांढऱ्या भिंतीवर बोट दाबून उजेड एक पायरी कमी, हात भिंतीला न टेकवता कोपर पोटाशी घट्ट धरायचं. तिपाई नेऊ नका, संरक्षित वास्तूत तिला वेगळी परवानगी लागते. एक लहान टॉर्च मात्र ठेवा. भिंतीला जवळजवळ समांतर धरून उजेड टाकला की गिलाव्यावरचे उंचसखल भाग आणि चित्राची बाह्यरेषा उठून दिसते.

चुनाविटा
टॉर्चबद्दल माझं मत वेगळं. एलईडीच्या झोतात उष्णता नगण्य, त्यानं रंग जळत नाही, हे मान्य. पण झोत समांतर धरायचा म्हणजे माणूस भिंतीला चिकटतो. पाठीवरची पिशवी, शर्टाचं बटण, कोपर, काहीतरी घासतंच. चुन्याचा जुना गिलावा भिंतीपासून सुटलेला असतो, आत पोकळी असते. वरून धडधाकट दिसणारा तुकडा बोट लागल्यावर तळहाताएवढा खाली येऊ शकतो. टॉर्च लावायचीच तर हातभर अंतर राखून, पिशवी बाहेर ठेवून. आणि तिथं राखणदार असेल तर आधी विचारून.

चित्रं का गेली हेही सांगतो, म्हणजे बघताना उलगडेल. छत गळायला लागलं की पाणी भिंतीत मुरतं. मुरताना ते दगड-चुन्यातले क्षार विरघळवतं. भिंत वाळताना ते क्षार पृष्ठभागावर येऊन त्यांचे खडे होतात, आणि खडा होताना तो फुगतो. रंगाचा थर त्यानं आतून उचलला जातो. म्हणून रंग बऱ्याचदा पापुद्र्यानं गळतो. खडूनं पुसल्यासारखा पांढुरका पट्टा जमिनीपासून कमरेपर्यंत दिसला तर तो जमिनीतून चढलेल्या ओलीचा, आणि छताकडून खाली उतरत आलेला असेल तर गळतीचा. त्यात पूर्वी फासलेली चुन्याची सफेदी आणि नावं कोरणारे. नावं कोरणं हा गुन्हा आहे. स्मारक कायद्यातल्या 2010 च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकाला इजा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलाला हे आधीच सांगून ठेवा.

छायाप्रकाश
पिशवी बाहेर ठेवायचा मुद्दा योग्य आहे, मी तो लिहायला हवा होता. हातभर अंतरावरून झोत तिरका धरला तरी पुष्कळ दिसतं.

खासबागप्रेमी
चित्रांत नेमकं काय काय आहे कुणी सांगेल का? कुस्ती आहे म्हणे!

चुनाविटा
आहे. कुस्ती खेळणारे मल्ल आहेत, आणि घोड्यावरून चौगान, म्हणजे आजचा पोलो, खेळणारे स्वार आहेत. कुमटगीचं महत्त्व यासाठीही की आदिलशाहीची कागदावरची चित्रकला जगभरच्या संग्रहालयांत आहे, पण भिंतीवरची फार थोडी उरली. इथं खेळ आणि करमणूक रंगवलीय, कारण जागाच करमणुकीची.

पुसट झालंय, आधीच सांगतो. घोड्यांची अंगं पहिली शोधा, ती मोठी असल्यानं लवकर सापडतात. मग स्वाराचा हात, हातातली वाकडी काठी, मग चेंडू. मल्लांच्या बाबतीत पाय शोधा.

खासबागप्रेमी
नाद खुळा! शाहू महाराजांनी 1912 ला खासबाग कुस्ती मैदान बांधलं, त्याच्या तीनेकशे वर्षं आधी विजापूरच्या बादशहाच्या आरामखोलीच्या भिंतीवर कुस्ती रंगली होती. आपल्या तालमीतल्या पोरांची एक सहल तिथं नेलीच पाहिजे. कोणता डाव आहे ते ती पोरं पाय बघूनच सांगतील.

नगरी
मधेच शिरतो. विहारबागांचे अवशेष हा विषय निघालाय तर नगरचा फराहबाग विसरू नका. निजामशाहीतला, अष्टकोनी, मोठ्या हौदाच्या मधोमध उभा. निजामशाहीचा वजीर चंगीजखान याच्याकडून सुरू झालेलं काम, मधे पाडून पुन्हा उभारलं, आणि सलाबतखानानं 1583 ला पुरं केलं. आज हौद कोरडा आहे. तिथंही नियम तोच, पाण्याच्या मागानं चाला. नगरला डोंगराकडून खापरी नळांनी पाणी खेळवलेलं होतं. शहराबाहेर उत्तरेला हश्त-बेहिश्त बाग, तिथंही तलावात अष्टकोनी महाल. फराहबागेला जाल तर शेजारी रणगाडा संग्रहालय आहे, पोरं खूष.

फरक असा की फराहबागेत महालाचं आकारमान अंगावर येतं. मधल्या घुमटी दालनात उभं राहिलं की बाहेरचं ऊन विसरायला होतं. कुमटगीचं काम त्यामानानं लहान, पण पाण्याची यंत्रणा कुमटगीला जास्त वाचता येते.

कन्नडमराठी
नगरी यांनी विषय काढला म्हणून, विजापूर आणि नगर यांची गाठ घालणारी एक जागा तुमच्या वाटेवरच आहे ताई. तिकोट्याकडून येताना विजापूरच्या अलीकडं, शहराच्या पश्चिमेला, तोरवी लागतं. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं 1599 ला तिथं नवरसपूर नावाची नवी नगरी वसवायला घेतली. गाण्याचा, कलेचा शौकीन बादशहा. 1624 ला नगरजवळच्या भातवडीच्या लढाईत निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानं मोगल आणि आदिलशाही फौजा मोडल्या. त्याच लढाईत शहाजीराजे निजामशाहीकडून लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी पडले. त्यानंतर अंबर विजापूरवर चालून आला आणि नवरसपूर उद्ध्वस्त झालं. तिथला संगीत महाल आजही उभा आहे, उंच मधली कमान, समोर हौद, भोवती आवाराची भिंत. शहरातला गगनमहाल (1561) नंतर बघा, दोन्हींच्या कमानींची ठेवण सारखी आहे.

तोरवीचा आणखी एक उपयोग. शहराला पाणी पुरवणारा भुयारी मार्ग याच बाजूनं यायचा. म्हणजे कुमटगीच्या आधी इथं पाण्याची पहिली ओळख होते.

भाषेची अडचण येत नाही. शहरात मराठी चालते, गावात दखनी हिंदी किंवा कन्नड. "कुमटगी केरे यल्लिदे?" म्हणजे कुमटगीचं तळं कुठं आहे, एवढं पाठ करा. जेवण विजापुरात करा, खानावळीत ज्वारीची कडक भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरलं वांगं, शेंगाची चटणी, वर घट्ट दही. कुमटगीत जेवणाची सोय गृहीत धरू नका. माणशी दोन लिटर पाणी सोबत ठेवा, डिसेंबरातही दुपारचं ऊन चटका देतं.

वर्गशिक्षक
एक प्रश्न, जाणकारांना. इतकी यंत्रणा शिल्लक आहे तर ती पुन्हा चालू का करत नाहीत? तळ्यात पाणी आहे, आज विजेचे पंप आहेत. पर्यटक धावत येतील.

चुनाविटा
हे करू नये. कळकळीनं सांगतो. नळ भिंतीच्या आत चुन्यात गाडलेले आहेत. खापरी नळाचे सांधे एकात एक बसवून चुन्यानं भरलेले असतात. जमीन थोडी जरी खचली तरी सांधा उघडतो. शेकडो वर्षं कोरड्या पडलेल्या नळात पाणी सोडलं तर तोटीपर्यंत थोडं पोचेल आणि बाकीचं भिंतीत मुरेल. वर लिहिलेलं क्षारांचं चक्र पुन्हा सुरू. दोन पावसाळ्यांत उरलेसुरले मल्ल आणि घोडेस्वार गळून जातील. कारंज्याची हौस असेल तर वेगळ्या जागी प्रतिकृती बांधावी.

सिमेंटनं सांधे भरू असंही कुणी सुचवेल. सिमेंट चुन्यापेक्षा कडक आणि ओल अडवणारं. भिंतीतली ओल मग शेजारच्या जुन्या मऊ गिलाव्यातून वाट काढते आणि तोच फुटतो. जुन्या कामाला भिजवून मुरवलेला चुनाच हवा.

पाणीपुरवठावाली
पूर्ण सहमत. वर्गशिक्षक सर, मुलांना दाखवायचं असेल तर शाळेतच करता येतं. हिशेबासकट देते.

20 लिटरचा पाण्याचा कॅन टेबलावर ठेवा. तळाशी 12 मिलिमीटरची नळी बसवा. दुसऱ्या टोकाला बाटलीचं झाकण लावून त्याला 2 मिलिमीटरची 20 भोकं पाडा. कॅनमधल्या पाण्याच्या पृष्ठभागापासून झाकणापर्यंत उभं अंतर 1 मीटर ठेवा. फवाऱ्याचा जोर मुख्यतः उभ्या अंतरावर ठरतो; नळी मात्र आखूड ठेवा, लांब नळीत घर्षणानं थोडा जोर जातो. एका भोकातून मिनिटाला साधारण अर्धा लिटर जातं. वीस भोकांतून दहा लिटर, म्हणजे कॅन दोन मिनिटांत रिकामा व्हायला लागतो, आणि जसजशी पातळी उतरते तसा फवारा खाली बसतो. मुलं लगेच विचारतात, मग राजाचं कारंजं तासभर कसं चालायचं? तिथून मनोऱ्यावरच्या टाकीकडं वळायचं.

आता मोठा हिशेब, केवळ अंदाजासाठी. समजा झारीच्या एका तोंडाला 2 मिलिमीटरची 40 भोकं. मिनिटाला 20 लिटर, तासाला 1200. अशी 10 तोंडं दोन तास चालवायची तर 24,000 लिटर. बैलांच्या एका मोटेला 150 लिटर आणि तासाला 40 खेपा धरल्या तर तासाला 6000 लिटर. म्हणजे दोन तासांच्या तुषारांसाठी एका मोटेनं चार तास आधी राबायचं. ही बाग बघताना बैल आणि मोटकरी डोळ्यापुढं यायला हवेत, मैफल त्यांच्या घामावर उभी होती.

मॉडेलमध्ये काय बिघडतं तेही सांगते. नळी मधेच उंच झाली तर तिथं हवा अडकते आणि पाणी थांबतं. नळी आधी पाण्यानं पूर्ण भरून घ्या, मग झाकण लावा. जुन्या नळांवर उघड्या तोंडाचे मनोरे ठेवण्यामागं हवा बाहेर जाणं हेही एक कारण. दुसरं, कॅनमध्ये मूठभर काळी माती टाका. दहा मिनिटांत अर्धी भोकं बुजतात. मग तेच पाणी दोन बादल्यांतून, वरच्या अंगानं काढत, न्या. गाळटाकी कशाला होती हे वेगळं शिकवावं लागत नाही.

वर्गशिक्षक
उत्तम. भोकांचा हिशेब आठवीच्या मुलांकडूनच करून घेतो. मनोऱ्यांचा एक प्रश्न राहिला: पाणी उंचावरच साठवायचं तर एकच मनोरा पुरे, वाटेत अनेक कशाला?

पाणीपुरवठावाली
दाब तोडायला. पाण्याची उभी उंची 10 मीटर झाली की चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब येतो. लोखंडी नळाला ते काहीच नाही, पण खापरी नळाचा चुन्याचा सांधा सुटतो. उताराच्या लांब नळावर ठरावीक अंतरानं उघडा मनोरा ठेवला की पाणी तिथं वर चढून हवेला लागतं आणि दाब तिथल्या पातळीपुरताच उरतो. पुढच्या टप्प्याला नव्यानं सुरुवात. शिवाय तळाशी गाळ बसतो, आणि गळती कुठल्या दोन मनोऱ्यांमध्ये आहे ते पातळी बघून कळतं. विजापूर शहरातले गंज याच कामाचे, काही चांगलेच उंच आहेत.

एसटीनेच
धागा पाण्यानं भरला, आता ताईंच्या मूळ प्रश्नाकडं वळा कुणीतरी. साठीपुढची दोघं आहेत सोबत.

कन्नडमराठी
गुडघ्यांचं बघू. तळमजल्याचं बहुतेक सगळं सपाट चालून बघता येतं. वरच्या मजल्याचा जिना अरुंद, पायऱ्या उंच, आणि कठडा नाही असं धरून चाला. वडीलधाऱ्यांनी वर जाऊ नये. कोरड्या हौदात उतरू नका, गवतात साप असतो आणि कडेचे दगड हलतात. बुटांशिवाय गवतात पाय नको. कमानींच्या पोटात मधमाश्यांचं मोहोळ आहे का ते आत जाण्याआधी बघा. असेल तर मोठ्यानं बोलणं नको आणि अत्तर तर नकोच. बसायला एक घडीची खुर्ची गाडीत टाका, सावलीत ठेवून काका-काकूंना तळ्याकडं तोंड करून बसवा.

पाऊस पडून गेला असेल तर चार दिवस थांबा. तिकडं पाऊस कोल्हापूरच्या निम्म्याच्या आसपास, पण काळी माती. गाडी डांबरीवरच ठेवायची, चाक एकदा रुतलं की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही.

मिरजजंक्शन
माझं मत मुक्कामाचं. एका दिवसात केलं तर दुपारचा उजेड आणि अंधारापूर्वीची परत ही दोन्ही जमत नाहीत. पहिला दिवस: पहाटे साडेपाचला निघा, अथणीला नाश्ता, साडेनऊ-दहाला तोरवीचा संगीत महाल, जेवायला विजापूर, दुपारी इब्राहिम रोजा, मुक्काम. दुसरा दिवस: आठच्या आत कुमटगी, अकरा-साडेअकरापर्यंत तिथंच, परत येताना गोलघुमट, दीडला जेवून निघालात तर पाचच्या सुमाराला मिरज.

छायाप्रकाश
हे वेळापत्रक छान बसतं. बाहेरचं काम कोवळ्या उन्हात, पाण्याचा क्रम पुरा करून अकराच्या सुमाराला चित्रांपाशी. पाणीपुरवठावालींनी सांगितलेला क्रम आणि उजेडाचा क्रम आपोआप जुळतो.

पन्हाळवेडा
गोलघुमट सकाळी लवकर करा असं सगळे सांगतात, गर्दी वाढली की कुजबुज-सज्जात पोरांच्या आरोळ्यांशिवाय काही ऐकू येत नाही. तो पहिल्या दिवशी संध्याकाळी किंवा सोडून द्या. कुमटगीचा वेळ त्याच्यासाठी कापू नका.

रंकाळ्याकाठी
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं: मुक्काम करणार. आधीच्या रविवारी मुलाला अंधारबाव दाखवून आणते, मग तोरवी, इब्राहिम रोजा, आणि दुसरी सकाळ पूर्ण कुमटगीची. गोलघुमट वेळ उरला तर. कॅन आणि झाकणाचा प्रयोग निघायच्या आधी गच्चीवर करणार.

एकच शंका राहिली. चित्रांच्या दालनाला कुलूप असलं तर?

चुनाविटा
असू शकतं, आणि चित्रांच्या दृष्टीनं ते चांगलंच आहे. आल्या आल्या राखणदाराला शोधा, चित्रं बघायची आहेत आणि अकराच्या सुमाराला येतो असं सांगून ठेवा, मग तळ्याकडं जा. राखणदार नसेल तर गावात विचारा. आदल्या दिवशी इब्राहिम रोजाला जाल तेव्हा तिथल्या पुरातत्त्व खात्याच्या कर्मचाऱ्यांकडं चौकशी केलीत तर आणखी बरं. जाळीबाहेरूनच बघायची वेळ आली तर छोटी दुर्बीण उपयोगी पडते, 8 पटीची पुरे. त्यापेक्षा मोठी हातात हलते, आणि जवळच्या अंतरावर तिची नजर बसत नाही. घेण्याआधी तीन मीटरवरची भिंत स्पष्ट दिसते का तेवढं तपासा.